मदत हवी आहे: डीप फ्रीझरच्या तळाशी गेलेलं सापडत नाही

वरून झाकण उघडणारा २०० लिटरचा डीप फ्रीझर आहे, तापमान उणे १८ वर. तळाशी गेलेली पिशवी महिनोन्महिने वर येत नाही. परवा बर्फाने पांढरं पडलेलं एक पुडकं निघालं. मटार की घेवडा, वितळेपर्यंत कळेना! पिशव्या हवा काढून सपाट गोठवल्या, पुस्तकांसारख्या उभ्या लावल्या. चार काढल्या की बाकीच्या आडव्या. झाकणावरची यादी आठवडाभर टिकली (लिहिणारी मी एकटीच). वर दोन जाळीच्या टोपल्या आहेत, पण खालचं काढायला दर वेळी त्या उचलाव्या लागतात. उभ्या फ्रीझरला जागा नाही, तो सुचवू नका. खाली उभे कप्पे कशाचे करता, गारठ्याने तडकणार नाहीत असे? आणि कोरड्या पिशवीवर लावलेलं लेबलही गळून पडतं, त्याला काय वापरता?