टॉप बॉक्स लावला की रायडर संपला म्हणे!

गंगापूर_रोडवाला
काल इथेच एकाने बाईकच्या मागे लावतात त्या सामानाच्या डब्यावर लिहिलंय, "गाडीला टॉप बॉक्स लावला की रायडर संपला आणि पार्सलवाला सुरू झाला. विंडशील्डच पाहिजे तर एसटीने जा." तिथे उत्तर लिहायला घेतलं, लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

भाऊ, मी तुझ्यापेक्षा कडक होतो. २०१४ ला गाडी घेतली तेव्हा शोरूममधून निघालो तो सरळ गॅरेजला, आरसे सोडून जे जे निघतंय ते काढलं. पाच वर्षं दर शुक्रवारी पाठीवर लॅपटॉप, कपडे आणि आईने दिलेला डबा घेऊन कसारा घाट चढलो. घोटी येईपर्यंत खांदे गेलेले असायचे आणि पावसाळ्यात बॅगेच्या आत पिशवी, पिशवीच्या आत पिशवी, तरी लॅपटॉप ओलाच. त्र्यंबकला दर्शनाच्या रांगेत हेल्मेट काखेत धरून अडीच तास उभा राहिलो त्या दिवशी ठरवलं, बास. बॉक्स लावला. मित्रांनी महिनाभर "एक पनीर टिक्का, एक्स्ट्रा कांदा" करून पिडलं. आता तेच लोक ट्रिपला निघाले की रेनकोट माझ्याच बॉक्समध्ये कोंबतात.

विंडशील्डचं पण तेच. मुंबई हायवेला ८० च्या पुढे वारा छातीवर बसतो, आपण हँडलला लोंबकळत जातो आणि त्यालाच थ्रिल म्हणतो. पंचविशीत ठीक आहे.

कसारा_एक्सप्रेस
मीच तो. शब्द मागे घेत नाही.
तुम्ही फायदे सांगितले, तोटे कोण सांगणार? बॉक्स मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकतो. त्यात वजन भरलं की पुढचं चाक हलकं होतं, स्पीडला गाडी डुलायला लागते, आडवा वारा आला की अजूनच. बॉक्स ज्यावर बसतो त्या प्लेटवर किती किलो चालतं ते छापलेलं असतं, ते किती जण वाचतात? मोठा डबा दिसला की लोक किराणा भरतात. मागच्या पावसात एक जण घाटात माझ्यापुढे असा झोकांड्या खात होता की मला वाटलं पिऊन चालवतोय.

निफाडचा_गारठा
बॉक्सचं तुम्ही बघा. मी नकल गार्डवर बोलतो. हँडलला ते प्लास्टिकचे कान बघून मी लई हसायचो भो. आमच्याकडे पारा ५ च्या खाली गेला की पहाटे बागेत जाताना बोटं अशी आखडायची की क्लच दाबला का नाही कळायचं नाही. छातीवर पेपर, हातात मोजे, त्यावर प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं करून झालं. गार्ड लावले, निम्मा त्रास गेला. दिसतं घाण, मान्य.

पण तुम्ही शहरवाले ॲक्सेसरीज ॲक्सेसरीज करता, उसाच्या ट्रॉलीला मागे साधं रेडियम नसतं त्याचं काय? रात्री एक लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, रस्त्याच्या मधोमध अंधारात उभी. आधी त्या ट्रॉलीला ॲक्सेसरी लावा मग माझ्या गाडीला.

पंचवटी_पॉइंट
विरोध आपल्याकडे प्रत्येक गोष्टीला होतो. १ एप्रिल २०१७ पासून हेडलाईट कायम चालू असलेल्या गाड्या आल्या तेव्हा आठवतंय का, आपल्या नाशकात सीबीएसपासून अशोकस्तंभापर्यंत दहा जण मूठ उघडझाप करून "लाईट चालू आहे" सांगायचे. माझे काका तर कंपनीला शिव्या घालत बटण शोधायचे. आणि ऑगस्ट २०२१ चं नो हेल्मेट नो पेट्रोल? मागच्याचं हेल्मेट डोक्यावर ठेवून पेट्रोल भरायचं आणि परत द्यायचं. मी पण केलंय, खोटं कशाला बोलू.

मागच्या_सीटवरून
पूर्ण धागा वाचला. खांदे दुखतात, बोटं गारठतात, छातीवर वारा बसतो. सगळं पुढे बसणाऱ्याचं. मागे कोण बसतं, विचारलं का कुणी?

गंगापूर रोडवाले दादा, "जे जे निघतंय ते काढलं" त्यात साडीगार्ड पण होतं ना? माझ्या मावसभावाने पण काढलं होतं, लूक जातो म्हणून. मी कॉलेजला होते. पाथर्डी फाट्याजवळ ओढणी चाकात गेली. गळ्याला असा हिसका बसला की आवाजच फुटेना, त्याला कळलंच नाही, त्याची गाणी चालू. ओढणी स्वस्तातली होती म्हणून फाटली. चांगली असती तर आज हे लिहायला मी नसते.

कसारा_एक्सप्रेस
ताई वाईट झालं, पण ओढणी नीट बांधून बसायला पाहिजे ना. त्यात गाडीचा काय दोष.

मागच्या_सीटवरून
बांधलेलीच होती. खड्ड्यात सुटली. आणि हे वाक्य मला तेव्हा दवाखान्यात पण ऐकवलं होतं, मानेवर वळ दिसत असताना. तुम्ही लोक सायलेन्सरच्या आवाजासाठी पैसे मोजता आणि फुकट आलेली जाळी उतरवून ठेवता. बॉक्स डुलतो त्यावर लेक्चर, आणि चाकात ओढणी गेली की आमची चूक!

कसारा_एक्सप्रेस
फुकट कुठे? आमच्याकडे शोरूमवाल्याने ॲक्सेसरीजच्या बिलात त्याचे वेगळे पैसे लावले होते.

मागच्या_सीटवरून
मग पैसे भरून काढलंत. अजूनच छान.

सातपूर_फिटर
शांत घ्या जरा. नियमाचं सांगतो, केंद्रीय मोटार वाहन नियम १२३, मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडग्रिप, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं चाक निदान निम्मं झाकेल असं संरक्षण पाहिजे. म्हणजे ही ॲक्सेसरी नाहीच, गाडीचा भाग आहे. वेगळे पैसे लावले तर भांडायचं शोरूमशी, जाळीवर राग नाही काढायचा.

मीच शेकडो काढलीत, ते पण कबूल करतो. पोरगं नवी गाडी घेऊन येतं, "काका आधी हे उतरवा". उतरवायचो. आता आधी विचारतो, घरी बहीण आहे का? निम्मे गप्प बसतात, निम्मे म्हणतात ती स्कूटर चालवते.

आणि बॉक्सचं कसारा बरोबर बोलतोय. वजन कमी, जड सामान खाली, आणि प्लेट फ्रेमला धरून बसवा, मागच्याने धरायच्या नुसत्या दांड्यावर, ग्रॅब रेलवर नको.

गंगापूर_रोडवाला
ताई, होय, होतं त्यात साडीगार्ड. पार विसरलो होतो. बॉक्सवर एवढं लिहिलं आणि ते आठवलं पण नाही.

निफाडचा_गारठा
ट्रॉलीचं कोणीच बोललं नाही.

कसारा_एक्सप्रेस
लिहू की नको करत होतो. आई मागच्या आठवड्यात म्हणाली वणीला गडावर ने गाडीवर. मी म्हटलं एसटीने जा, आरामात जाशील. खरं कारण हे की ती एका बाजूला पाय करून बसते, नऊवारी नाही पण साडी असते, आणि माझ्या मागच्या चाकाला काहीच नाही. मला माहीत होतं. ताई, ओढणीचं बोललो ते चुकलं.
टॉप बॉक्सचं मत मात्र तेच आहे, पार्सलवाला तो पार्सलवालाच.
फिटर काका, साडीगार्ड नवीन मिळेल का? मॉडेल जुनं आहे.

सातपूर_फिटर
नवीन कशाला. काढलेली सगळी पोत्यात टाकून ठेवलीत मागच्या खोलीत. शनिवारी ये, शोधून घे. तुझंच असेल त्यात.