‘मनोरुग्ण आहे’ की ‘मनोविकार झाला आहे’?

प्रश्न

नमस्कार. मी नागपूरची आहे. माझ्या धाकट्या भावाला मागील वर्षी स्किझोफ्रेनियाचे निदान झाले असून त्याचे औषध नियमित सुरू आहे. त्याच्या कार्यालयात वाढीव रजेसाठी मराठीतून अर्ज द्यायचा होता, म्हणून मी ‘माझा भाऊ मनोरुग्ण आहे’ अशी सुरुवात केली. त्याने कागद वाचला, खाली ठेवला आणि म्हणाला, ‘‘ताई, असं नको लिहू. मला बिमारी झाली आहे, असं लिही.’’ मनोरुग्ण, मनोविकृत आणि मनोविकारग्रस्त या शब्दांत नेमका कोणता फरक आहे? शिवाय स्किझोफ्रेनियासाठी मराठीत वापरला जाणारा ‘छिन्नमनस्कता’ हा शब्द ऐकून नातेवाईक ‘म्हणजे याच्यात दोन माणसे राहतात का’ असे विचारतात, त्यांना काय सांगावे?

उत्तर

ताई, तुमच्या भावाची दुरुस्ती व्याकरणाच्या दृष्टीनेही अचूक आहे. जे माणसाला होते, येते, लागते आणि कधी तरी जातेही, ते मराठी चतुर्थीने सांगते: त्याला ताप आला, तिला कावीळ झाली, मला राग आला, आईला करमत नाही. जे अंगभूत मानले जाते ते प्रथमेने सांगितले जाते: तो उंच आहे, ती रागीट आहे. ‘मधुमेही’, ‘क्षयरोगी’ असे शब्द आपल्याकडे आहेत, तरी घरात बोलताना आपण ‘बाबांना शुगर आहे’ असेच म्हणतो. मनाच्या आजाराची गोष्ट निघाली की मात्र चतुर्थी गळून पडते आणि ‘तो वेडा आहे’, ‘ती मनोरुग्ण आहे’ अशी वाक्ये तोंडात येतात. खरे तर जुन्या मराठीत वेड ‘लागत’ असे, पिसे ‘लागत’ असे, म्हणजे जे लागले ते सुटण्याची वाट त्या क्रियापदाने मोकळी ठेवली होती.

आता शब्दांकडे येतो. ‘मनोरुग्ण’ हा शब्द अपशब्द नाही. मनाच्या आजाराचा रुग्ण एवढाच त्याचा अर्थ आहे आणि रुग्णालयाच्या नोंदीत तो योग्य ठरतो. परंतु रुग्णालयाबाहेर, माणूस बरा होऊन कामावर रुजू झाल्यानंतरही, तो शब्द नावासारखा चिकटून राहतो. ‘मनोविकृत’ हा शब्द तर आजारासाठी वापरूच नये, असे माझे ठाम मत आहे. ‘विकार’ आणि ‘विकृत’ एकाच धातूपासून आले असले, तरी मराठीत त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या आहेत. हृदयविकार आणि त्वचाविकार म्हणताना कोणाच्या मनात निंदा नसते, पण ‘विकृत’ म्हटले की नीतीचा न्यायनिवाडा सुरू होतो. एखाद्या क्रूर गुन्ह्याच्या बातमीत आरोपीला ‘मनोविकृत’ म्हटले जाते, तेव्हा निदान कोणी केलेले नसते, आणि त्याचा डाग मात्र औषध घेऊन शांतपणे जगणाऱ्या हजारो लोकांवर पडतो. ‘मनोविकार’ या शब्दाचा प्रवास याउलट झाला. जुन्या गद्यात त्याचा अर्थ काम, क्रोध, लोभ यांसारख्या मनाच्या लहरी असा होता, म्हणजे ते सर्वांनाच असत. आजाराचा अर्थ त्याला नंतर चिकटला. ‘मतिमंद’ हा शब्दही येथे आणू नये, कारण बौद्धिक वाढ कमी असणे ही वेगळी अवस्था आहे आणि २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही ती मानसिक आजाराच्या व्याख्येबाहेर ठेवली आहे.

त्याच कायद्यातील आणखी एक तरतूद या चर्चेला थेट लागू पडते. एखाद्याला मानसिक आजार आहे असे ठरले, एवढ्यावरून तो भ्रमिष्ट किंवा निर्णयाला असमर्थ ठरत नाही; तसे ठरवण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा आहे. १९१२च्या कायद्याच्या नावातच ‘ल्युनसी’ म्हणजे वेडेपणा होता, १९८७च्या कायद्याने तो शब्द काढला आणि २०१७च्या कायद्याने ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ अशी रचना स्वीकारली. तुमच्या भावाने मागितलेली चतुर्थी कायद्याने मान्य केली आहे, असेच म्हणा ना.

आपल्या शहरात मात्र शब्द कायद्याच्या मागे राहिला आहे. छिंदवाडा मार्गावरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचे. ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी यांच्यासह राज्यातील अशा चार जुन्या रुग्णालयांपैकी एक. त्याच्या जवळच्या चौकाला आपण अजूनही ‘पागलखाना चौक’ म्हणतो. बाह्यरुग्ण विभागात भावाला घेऊन निघालेल्या बहिणीलाही ऑटोवाल्याला तेच दोन शब्द सांगावे लागतात, आणि शेजारी बसलेला भाऊ ते ऐकतो. हे मला फार बोचते.

‘छिन्नमनस्कता’ या शब्दाचे दुखणे त्याच्या मुळाशी आहे. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द घडवला. ग्रीकमध्ये त्याच्या घटकांचा अर्थ दुभंगणे आणि मन असा होतो. त्याला अभिप्रेत होते ते विचार, भावना आणि वर्तन यांची एकमेकांशी असलेली वीण उसवणे. एका देहात दोन माणसे असणे नव्हे. आवाज ऐकू येणे, कोणी आपल्या मागावर आहे अशी पक्की खात्री वाटणे, बोलण्याचा धागा तुटणे, उत्साह आणि भावना ओसरणे ही या आजाराची ओळख आहे. दोन किंवा अधिक ओळखींचा विकार हा निराळा आणि विरळ. आपल्या भाषांतरकारांनी ग्रीक घटकांचा शब्दशः अनुवाद केला आणि गैरसमजही सोबत आणला. जपानी भाषेतही ‘मन फुटण्याचा रोग’ अशा अर्थाचे नाव रूढ होते. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या मागणीवरून तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २००२ मध्ये ते बदलून ‘एकसंधता ढळण्याचा विकार’ अशा अर्थाचे नाव स्वीकारले. मराठीतही हे अशक्य नाही. तोपर्यंत ‘स्किझोफ्रेनिया’ असे सरळ लिहावे, हे मला अधिक प्रामाणिक वाटते.

पुन्हा प्रश्न

सर, मनापासून आभार. आणखी एक विचारते. माझी आई म्हणते, ‘‘तो लहानपणापासूनच अबोल, त्याचा स्वभावच तसा होता.’’ स्वभाव, व्यक्तिमत्त्व आणि आजार यांच्या सीमा शब्दांत कशा सांगाव्यात? आणि डॉक्टरांनी ‘समुपदेशन’ही सुचवले आहे, तर भाऊ म्हणतो की त्याला उपदेश नको.

उत्तर

आधी लेखन पाहू. ‘व्यक्तिमत्त्व’ या शब्दात ‘त’ दोनदा येतो, कारण ‘व्यक्तिमत्’ला ‘त्व’ जोडलेले आहे. ‘महत्त्व’ आणि ‘तत्त्व’ यांची घडणही तशीच आहे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘पर्सोना’ म्हणजे नटाचा मुखवटा आहे. आपल्या ‘व्यक्ती’चा मूळ अर्थ प्रकट होणे असा आहे. एका शब्दात झाकणे आहे, दुसऱ्यात उघड होणे आहे, आणि मला आपला शब्द अधिक जवळचा वाटतो.

व्यक्तिमत्त्वाच्या सिद्धान्तांपैकी एक तर चक्क शब्दकोशातून निघाला आहे. माणसांतील जे फरक समाजाला महत्त्वाचे वाटतात त्यांना भाषेत शब्द मिळतातच, असे धरून गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे १७,९५३ शब्द वेचले. रेमंड कॅटेल यांनी त्यातून पुढे १६ घटक काढले, आणि नंतरच्या संशोधनातून पाच मुख्य गुणांची मांडणी रूढ झाली. असे काम कोणी मराठी शब्दकोशावर करील, तेव्हा घुमा, सोशिक, आतल्या गाठीचा, तिरसट, मोकळाढाकळा, भिडस्त अशा शब्दांतून आपल्या समाजाने काय टिपून ठेवले आहे ते दिसेल.

तुमच्या आईंच्या शंकेचे उत्तर पुन्हा विभक्तीतच सापडते. मानसशास्त्रात ‘अवस्था’ आणि ‘गुण’ असा भेद करतात. चार्ल्स स्पीलबर्गर यांनी १९७०च्या चिंतामापनाच्या प्रश्नावलीत ‘या क्षणी चिंता वाटते का’ आणि ‘एरवी नेहमी वाटते का’ यांसाठी दोन स्वतंत्र भाग केले. मराठीत हा भेद ‘मला भीती वाटते’ आणि ‘तो भित्रा आहे’ यांतच आहे. तुमचा भाऊ अबोल होता, हा गुण. पुढे त्याला आवाज ऐकू येऊ लागले, झोप गेली, आंघोळीची इच्छा राहिली नाही, तर ती अवस्था, आणि तो आजार. अबोल माणसांपैकी बहुतेकांना स्किझोफ्रेनिया कधीच होत नाही, हे आईंना आवर्जून सांगा, म्हणजे ‘मला वेळीच कळले नाही’ ही टोचणीही कमी होईल.

या दोहोंच्या मध्ये ‘व्यक्तिमत्त्व विकार’ येतात आणि तेथे भाषा अडखळते. स्वभावाचीच ठेवण तारुण्यापासून इतकी ताठर असते की नाती, काम आणि स्वतःचे मन यांना सतत इजा होते, पण लोक ‘तो तसाच आहे’ म्हणून सोडून देतात. अमेरिकन वर्गीकरणात असे दहा विकार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणाने मात्र जुनी नावे बहुतांशी सोडून विकाराची तीव्रता किती यावर भर दिला. तेथेही मी ‘तिला व्यक्तिमत्त्व विकार आहे’ असेच लिहीन, कारण त्यावरही उपचार आहेत.

‘समुपदेशन’ या शब्दात ‘उपदेश’ दडलेला आहे हे खरे, आणि भावाचा आक्षेप रास्त आहे. प्रत्यक्षात चांगला समुपदेशक सांगतो कमी आणि ऐकतो जास्त. एकच लक्षात ठेवा: औषध लिहून देण्याचा अधिकार मनोविकारतज्ज्ञाचा, म्हणजे वैद्यकीय पदवीनंतर त्या शाखेचे शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचा आहे, समुपदेशन हे स्किझोफ्रेनियात औषधाच्या जोडीला असते, औषधाऐवजी नाही, आणि बरे वाटू लागले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. रात्री-अपरात्री घरात कोणाशी बोलावे हे सुचेनासे झाले, तर १४४१६ या क्रमांकावर शासनाची ‘टेली-मानस’ सेवा २०२२ पासून विनामूल्य सुरू आहे. भावासमोर या सगळ्याला ‘बोलायला जाणे’ म्हणा. आपल्याकडे तोच शब्द सहज तोंडी येतो.

अर्जासाठी वाक्य असे सुचवतो: ‘माझ्या भावाला मानसिक आजार झाला असून तो मनोविकारतज्ज्ञांच्या उपचाराखाली आहे, सोबत प्रमाणपत्र जोडले आहे.’ आजाराचे नाव अर्जात लिहायचे की प्रमाणपत्रापुरते ठेवायचे, हे त्याला विचारून ठरवा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर, त्याला विचारले. नाव अर्जात नको म्हणाला. ‘झाला’ या शब्दावर मात्र त्याने स्वतःच्या हाताने पेनाने पुन्हा एकदा गिरवले, आणि मग खाली सही केली.