मदत हवी आहे: जीवरसायनशास्त्राच्या पदवीवरचा खर्च कमाईतून भरून निघतो का?

अधांतरी
नमस्कार. या आठवड्याअखेर निर्णय कळवायचा असल्याने थेट विचारते. जीवरसायनशास्त्राच्या पदवीसाठी कर्ज काढावे लागणार असेल, तर ते पुढच्या कमाईतून फिटते का? माहितीपत्रकांत ‘उज्ज्वल संधी’ हे शब्द पानोपानी आहेत, परंतु नवा पदवीधर कोणत्या पदावर रुजू होतो आणि कर्ज फिटेपर्यंत त्याची किती वर्षे जातात, हे कोणीच सांगत नाही. ‘आवड असेल तर जरूर करा’ असे उत्तर कृपया देऊ नये. आवड आहेच, अडचण पैशाची आहे.

हिशेबनीस
प्रश्न रास्त आहे, पण उत्तर देण्याइतकी माहिती आपण दिलेली नाही. कर्जाची रक्कम नव्या पदवीधराच्या वार्षिक वेतनाच्या किती पट आहे? व्याज शिक्षण चालू असतानाच चढू लागते की नोकरी लागल्यानंतर? पदवी घेऊन थांबायचे आहे की पुढे पीएच.डी.चाही विचार आहे? आणि हे पाल्याच्या प्रवेशासाठी विचारत असाल, तर कर्ज कोणी फेडायचे आहे?

परीक्षानळी
औषधनिर्मितीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात मी चौदा वर्षे काम करतो आहे, त्या अनुभवावरून लिहितो. पहिल्या नोकरीच्या वेळी जीवरसायनशास्त्राचा पदवीधर हा रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधरांबरोबर एकाच रांगेत उभा असतो, त्यामुळे सुरुवातीचे वेतन विषयाच्या नावावरून ठरत नाही. एचपीएलसी यंत्रावर (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) नमुने चालवायचे, आलेख तपासायचे, प्रत्येक नोंद त्याच वेळी लिहायची आणि पाळ्यांमध्ये काम करायचे, असे त्या कामाचे स्वरूप असते. माझे वेतन खऱ्या अर्थाने वाढले, ते चाचणीपद्धतींचे प्रमाणीकरण, म्हणजे पद्धत भरवशाची आहे हे सिद्ध करण्याचे काम, मी स्वतंत्रपणे करू लागल्यावर, आणि ते कौशल्य मी नोकरीतच शिकलो. पदवीनंतर लगेच कामाला लागावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेप्टाइड
असहमत. प्रथिनांची रचना, विकरांचे कार्य, नव्या औषधांचा शोध ही या विषयाची खरी क्षेत्रे असून, तेथे प्रयोगाची दिशा ठरवणारी पदे बहुधा पीएच.डी. झालेल्यांनाच मिळतात. पीएच.डी.च्या काळात अनेक ठिकाणी विद्यावेतन मिळते, म्हणून केवळ शुल्काचा आकडा पाहून माघार घेऊ नये. पदवीवर थांबलेल्या माझ्या अनेक सहकाऱ्यांची बढती काही वर्षांतच अडून राहिलेली मी पाहिली आहे.

परीक्षानळी
विद्यावेतन म्हणजे वेतन नव्हे. १९८३ मध्ये पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्राची, कल्पना मांडणारे केरी म्युलिस जीवरसायनशास्त्रातच पीएच.डी. झालेले होते. ते ज्या कंपनीत नोकरीला होते, तिच्याकडून त्यांना १०,००० डॉलरचे बक्षीस मिळाले आणि पुढे त्या तंत्राचे पेटंट ३० कोटी डॉलरला विकले गेले. १९९३ चे नोबेल त्यांना मिळाले, हे खरेच. परंतु शोधाचे मोल वेगळे आणि शोध लावणाऱ्याच्या हाती पडणारी रक्कम वेगळी.

पेप्टाइड
त्या शिक्षणाशिवाय त्यांना ती कल्पना सुचली असती का, हेही पाहावे. शिवाय बक्षिसाची रक्कम म्हणजे त्यांची आयुष्यभराची मिळकत नव्हे.

हिशेबनीस
आपण दोघेही मधल्या वर्षांची किंमत धरत नाही. उदाहरणादाखल दर साल ८ टक्के चक्रवाढ व्याज धरले, तर न फेडलेले १०० चे कर्ज पाच वर्षांत सुमारे १४७ होते आणि नऊ वर्षांत जवळजवळ दुप्पट होते. त्या काळात जे वेतन मिळू शकले असते, पण घेतले नाही, तोही खर्चच असतो. त्यामुळे उच्च पदवीनंतर वेतन जास्त मिळते का, एवढेच विचारून भागत नाही. ती वाढ ही सारी तूट भरून काढते का, हे मांडून पाहावे लागते. धागाकर्तीने अजून एकाही प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही.

सदाफुली
जीवतंत्रज्ञान आणि जीवरसायनशास्त्र यांत अनेकांचा गोंधळ होतो. जीवरसायनशास्त्र सजीवांतील रासायनिक प्रक्रिया समजून घेते, तर जीवतंत्रज्ञान त्या ज्ञानाचा उत्पादनासाठी वापर करते. आधी हा फरक नीट समजून घ्यावा.

अधांतरी
सदाफुली, हा फरक मला ठाऊक आहे आणि माझा प्रश्न तो नाही. मी स्वतःच विद्यार्थिनी आहे. पहिले वर्ष घरच्या बचतीतून पूर्ण झाले. कर्ज उरलेल्या दोन वर्षांसाठी आहे. दुसरा पर्याय म्हणजे हे सोडून वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या दोन वर्षांच्या पदविकेला प्रवेश घेणे. तिचे शुल्क निम्मे आहे, पण मग झालेले वर्ष वाया जाईल, हे मनाला पटत नाही.

हिशेबनीस
हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. गेलेल्या वर्षाचा खर्च दोन्ही पर्यायांत सारखाच झालेला आहे, तेव्हा तो तुलनेतून वगळा. आता दोन्हीकडे दोनच वर्षे उरली आहेत, म्हणजे प्रश्न शुल्कातील फरकाचा आणि पहिल्या नोकरीचा आहे.

परीक्षानळी
त्यात एक भर घालतो. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करण्यासाठी अनेक देशांत वेगळा परवाना किंवा नोंदणी लागते आणि केवळ जीवरसायनशास्त्राची पदवी त्यासाठी पुरेशी नसू शकते. उलट पदविकाधारकाला औषधनिर्मितीतील विश्लेषणाची दारे सहसा उघडत नाहीत. कोणत्या प्रयोगशाळेत उभे राहायचे आहे, ते आधी ठरवा.

पेप्टाइड
आणि पुढे संशोधनाची थोडीही इच्छा असेल, तर पदवी सोडू नका. पदविकेवरून थेट पीएच.डी.कडे जाता येत नाही, एवढ्यावर तरी आमचे एकमत व्हावे.

अधांतरी
मला रुग्णालयात नव्हे, विश्लेषणाच्या कामातच जायचे आहे. आत्ताच कर्जाची कागदपत्रे पुन्हा वाचली. व्याज पहिली रक्कम उचलल्याच्या दिवसापासून चढते, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. शिक्षण चालू असताना निदान व्याज तरी भरत राहता येईल का, याची उद्या चौकशी करून इथेच कळवते.