ट्रेनिंग पँटवरची रंग बदलणारी रेघ नक्की कोणाच्या कामाची?

अडीचची_आई: लेक अडीच वर्षांची आहे, शू सांगायची सवय लावतेय. पाळणाघरातून निरोप आलाय की ओलं झालं की रेघेचा रंग बदलतो त्या डायपरसारख्या डिस्पोजेबल ट्रेनिंग पँट द्या. सासूबाई म्हणतात साधी चड्डी घाल, फरशी पुसावी लागली तर पुसू. मला सासूबाईंचं पटतं. रेघ आपल्या सोयीची, पोरगी त्यातून काय शिकणार?

बे_एरियाकर: अजिबात पटलं नाही. इकडे अमेरिकेत हगीजच्या पुल-अप्सवर रेघेऐवजी चित्रं असतात, ओलं झालं की पुसट होतात, आणि ती पोरासाठीच असतात. आमचा लेक झोपेतून उठला की आधी खाली वाकून बघायचा आणि चित्र जागेवर असलं की "बाबा, आहे आहे!" करत पळत यायचा. कोरडं राहणं म्हणजे काय हे त्याला डोळ्यांनी कळलं.

अडीचची_आई: अहो पण चित्र पुसट होतं तेव्हा शू होऊन गेलेली असते ना! शिकायचंय ते त्याच्या आधी, शू लागते तेव्हा. आणि आतलं जेल सगळं इतकं शोषून घेतं की खेळात रमलेल्या पोराला ओलं लागतच नाही. साध्या चड्डीत झाली की माझी लेक पाय फाकवून जागीच थांबते, मांडीवरून ओघळ खाली येतो तो बघते आणि मग माझ्याकडे बघते. ते थांबणं मला हवंय, त्या पँटमध्ये ती थांबतच नाही.

सृजा_पाळणाघर: ताई, मी पाळणाघर चालवते. एवढी पोरं असताना प्रत्येकाची चड्डी सारखी उघडून बघणं होत नाही. रेघ पिवळीची निळी झाली की मी वहीत वेळ टाकते, आणि एखादं पोर सलग दोन तास कोरडं राहायला लागलं की समजते आता हे तयार होतंय, मग दोन तास व्हायच्या आत त्याला पॉटीवर बसवते. हा अंदाज रेघेशिवाय कसा घेऊ सांगा?

नवा_बाबा: रेघेतला रंग अंगाला लागतो का? रॅश येईल ही भीती वाटते.

बे_एरियाकर: नाही. रेघ बाहेरच्या प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला असते, मधे पूर्ण पॅड. शाळेतल्या लिटमससारखा रंग असतो, शूचा ओलावा तिथे पोचला की बदलतो. पाकीट मात्र दमट जागी उघडं ठेवू नका.

अडीचची_आई: सृजाताई, वहीचं पटलं, त्यासाठी पँट देते. पण रेघ निळी दिसली की गुपचूप बदलू नका, तिला दाखवा, "शू झाली बघ" म्हणा. घरी मी साधी चड्डीच घालणार.

बे_एरियाकर: घरी एक आणि तिकडे दुसरं, यात पोरगी गोंधळेल. मी असतो तर दोन्हीकडे एकच ठेवलं असतं.