पैसा आधी कुठे घालावा: दिवसभराच्या पाळणाघरात की घरभेटीत?

सातपूरकर (धागालेखक)

नाशिक शहरातील कष्टकरी कुटुंबांच्या लहान मुलांसाठी जास्तीचा निधी मिळालाच, तर तो आधी दिवसभराच्या पाळणाघरांवर खर्च व्हावा, असे माझे मत आहे. ते खोडून काढता येत असेल तर जरूर खोडावे. एकात्मिक बाल विकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. तेव्हापासून अंगणवाडीची रचना अशी, की मूल काही तास येईल, खाईल, गाणी म्हणेल आणि दुपारी घरी जाईल. घरी कुणीतरी मोठे माणूस असणार, हे त्यात गृहीतच धरलेले आहे. पण फुलेनगरातून बांधकामावर जाणारी आई सकाळी आठला घर सोडते आणि दिवेलागणीला परतते. मधल्या वेळात धाकटे मूल आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते आणि त्यापायी तिची शाळा बुडते.

कायद्यांचा आधार म्हणावा, तर 2025 पर्यंत 1948 च्या कारखाने अधिनियमात पाळणाघराची सक्ती 30 पेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तिथे होती, आणि बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यात 50 पेक्षा जास्त असतील तिथे. नाक्यावरून रोज वेगळ्या ठेकेदाराबरोबर जाणारी बाई या आकड्यांत कधी बसणार होती?

माजी पर्यवेक्षिका

प्रश्न खरा आहे, परंतु उत्तर मला मान्य नाही. केंद्राच्या पाळणाघर योजनेचा जुना निकष पाहावा: 25 मुले, एक सेविका, एक मदतनीस, दिवसाचे साडेसात तास. त्या पंचवीसांत सहा महिन्यांचे बाळही आले आणि पाच वर्षांचा दांडगोबाही आला. दोन बायका दिवसभर दूध पाजणे, शी-शू काढणे आणि भांडणे सोडवणे यांतच थकणार. मुलाशी बोलायचे कुणी? मूल सुरक्षित राहील हे कबूल, पण त्याचा विकास होईल असे म्हणू नये.

जमैकातील किंग्स्टन शहरात 1986-87 मध्ये वाढ खुंटलेल्या 129 मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर घरी जात, टाकाऊ वस्तूंची खेळणी नेत आणि मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे आईला करून दाखवत. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनंतर त्या मुलांची कमाई अशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी अधिक आढळली. ज्यांना नुसता पूरक आहार मिळाला, त्यांच्या कमाईत असा फरक दिसला नाही. घरभेट आपल्याकडेही अंगणवाडी सेविकेच्या कामांत आहेच. फक्त तिची आता नोंद उरली आहे, भेट राहिलेली नाही. खर्च करायचा तर तिथे करावा.

दिंडोरीचा बागायतदार

ताई, घरभेट म्हणता, पण घर कोणते? आमच्याकडे द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याहून टोळ्या येतात आणि बागेच्या कडेला पाल टाकून किंवा शेडमध्ये राहतात. मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीच्या पटावर, मूल इथे. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीनंतर, वेलीचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड या विषारी रसायनाची पेस्ट लावतात. ते काम हातमोजे घालून करायचे असते, आणि तान्ह्या बाळाची साडीची झोळी त्याच ओळीत, मांडवाच्या तारेला बांधलेली असते. आईने तरी दुसरे काय करावे? बाळ नजरेआड ठेवायला तिला दुसरी जागाच नाही. मी शेडमधली एक खोली द्यायला तयार आहे. सांभाळणाऱ्या बाईचा पगार मात्र एकट्या बागायतदाराला झेपणार नाही, तो शासनाने द्यावा.

रोखठोक

खोल्या, पगार, निकष यांत पैसा मुरवण्यापेक्षा तो थेट आईच्या खात्यात जमा करावा. मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये मिळतात. तीच रक्कम वाढवून तीन वर्षे दरमहा दिली, तर मूल कुणाकडे ठेवायचे हे आई ठरवील.

माजी पर्यवेक्षिका

पैशाला माझा विरोध नाही. पण वस्तीत विकत घेण्याजोगे चांगले पाळणाघरच नसेल, तर ती ठरवणार काय?

अंगणवाडी सेविका, पंचवटी

आपल्या दोन्ही योजना शेवटी माझ्याच डोक्यावर येणार, म्हणून लिहिते. केंद्राकडून सेविकेला 4,500 रुपये मानधनाचा दर 2018 पासूनचा आहे. राज्य त्यात भर घालते, तरी ते मानधनच, वेतन नव्हे. ग्रॅच्युइटीसाठीसुद्धा सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या निकालापर्यंत वाट पाहावी लागली.

घरभेटीबद्दल सांगायचे, तर तीन वर्षांखालील मुलांच्या घरपोच आहाराचे पाकीट आता पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर नोंदवलेल्या पालकाचा चेहरा जुळल्याशिवाय देता येत नाही. मी अकरा वाजता जाते तेव्हा दाराला कडी असते किंवा आजी बसलेली असते, आणि आजीचा चेहरा चालत नाही. पाकीट परत येते. हाताच्या अंतरावर असलेले पाकीट जिथे देता येत नाही, तिथे तासभर खेळ शिकवायचा कुणाला? संध्याकाळी सातनंतर जाता येईल, परंतु त्या तासांचे मानधन कोण देणार, हे आधी ठरवावे.

सातपूरकर (धागालेखक)

सेविकाताईंनी माझा मुद्दा माझ्यापेक्षा नेमका मांडला. किंग्स्टनचा प्रयोग मी नाकारत नाही. पण त्याची पहिली अट अशी, की भेटीच्या वेळी मूल आणि त्याला वाढवणारे माणूस दोघेही समोर हवेत. रोजंदारीवरच्या आईला ते दिवसा शक्य नाही, आणि संध्याकाळी चूल पेटवायची असताना तिला खेळ शिकवणे मला क्रूर वाटते. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली. मूल जिथे आहे तिथे जायचे, हेच त्या कामाचे सूत्र होते. नाशिकच्या मजुरांची मुले बांधकामावर आणि बागेत आहेत, तर पाळणाघर तिथे न्यावे.

माजी पर्यवेक्षिका

तिथे न्यायला हरकत नाही. मात्र तीन वर्षांखालील प्रत्येक पाच-सहा बाळांमागे एक बाई नेमावी, तिला जमैकातल्या आरोग्यसेविकांसारखे प्रशिक्षण द्यावे आणि आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी आईलाही तासभर बोलवावे. एवढे अंदाजपत्रकात घालणार असाल, तर माझा विरोध मागे. पंचवीसला दोनच बायका राहणार असतील, तर मी आहे तिथेच आहे.