मदत हवी आहे: पहिलीत विषयवार बाई आणि फिरते वर्ग

पहिलीच्या_बाई:

नमस्कार मंडळी. मी नागपुरात एका खासगी सेमी शाळेत पहिलीला शिकवते. आमच्याकडे पहिलीच्या 3 तुकड्या आहेत, प्रत्येकीत चाळीसच्या आसपास मुलं. आतापर्यंत जिची तुकडी तिनेच मराठी, गणित, इंग्रजी, चित्रकला, सगळं घ्यायचं. खेळाच्या तासाला तेवढे सर यायचे.

जूनअखेर शाळा उघडेल तेव्हापासून हे बदलणार, असं व्यवस्थापनाने सांगितलंय. मी तिन्ही तुकड्यांना मराठी शिकवायचं, दुसऱ्या बाईंनी गणित, तिसरीने इंग्रजी. आणि फिरायचं आम्ही नाही, मुलांनी! कारण काय, तर मराठीची खोली, गणिताची खोली असं सजवायचंय. ॲडमिशनच्या वेळी पालकांना फिरवून दाखवायला ते छान दिसतं, हे मीही मानते.

मी सरसकट विरोधात नाही. गणिताच्या बाईंचा हात गणितात खरंच चांगला आहे आणि माझं इंग्रजी जेमतेम. पण जूनमध्ये पहिलीत येणारं पोरगं कसं असतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना माझी काळजी कळेल. अर्ध्यांना बुटाची लेस बांधता येत नाही. "टीचर, सू आली" हे सांगायला ओळखीचा चेहरा लागतो. त्यात 40 मुलांनी दप्तर, डबा, बाटली उचलून रांग करायची, व्हरांड्यातून जायचं, नव्या खोलीत जागा शोधायची. कितीही शिस्त लावा, एका बदलीला 5 मिनिटं जातातच. दिवसातून 4 बदल्या धरल्या तर 20 मिनिटं. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितलंय. त्यातले 66 तास नुसते व्हरांड्यात जाणार.

दुसरी अडचण नोंदींची. आज मी 40 मुलांच्या आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी लिहिते. उद्या 120 मुलांच्या लिहायच्या. विषय एकच, हे कबूल. पण 120 मुलांची नावं नीट कळेपर्यंत पोळा येईल, तर कोणाला मात्रा वाचता येत नाहीत हे कधी कळणार?

असं कोणी पहिली-दुसरीत केलंय का? मुख्याध्यापिका ऐकून घेणाऱ्या आहेत, पण "नको" म्हणून चालणार नाही, "त्याऐवजी हे करू" असं काहीतरी हातात लागेल. मधला मार्ग सुचवा.

बेसा_आई:

बाई, मी शिक्षिका नाही, आई आहे. आमच्या लेकाच्या शाळेत पहिलीत मुलं अशीच फिरायची. त्याला मजा यायची, खोटं का बोलू. बसून कंटाळणारा पोरगा आहे. पण स्वेटर, बाटली, रंगपेटी, आठवड्याला एक वस्तू गायब. आणि खरा त्रास वेगळाच. तो वाचायला मागे पडून राहिला होता, तर विचारायचं कोणाला? मराठीच्या मॅडम म्हणायच्या वर्गशिक्षिकेला विचारा, वर्गशिक्षिका म्हणायच्या माझ्याकडे तर तो इंग्रजीलाच असतो. पालक सभेत तीन रांगांत उभी राहिले मी. काहीही करा, पण एका मुलाचं सगळं माहीत असलेली एक बाई ठेवा.

गणितप्रेमी:

थोडं उलट बोलतो. खालच्या वर्गांत अनेक शिक्षकांना गणिताची मनातून भीती असते. मग हातच्याची बेरीज म्हणजे "वर एक लिहा" एवढंच होतं. दशक-एकक काड्यांच्या गठ्ठ्यांनी, मण्यांच्या माळेने शिकवायला वेळ आणि आवड लागते. आवडीच्या माणसाकडे तो विषय गेला तर वाईट काय? पाचवीपासून आपण तेच करतो.

जोडवर्ग:

मॅडम, मी काटोल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. चार वर्ग, दोन मास्तर. त्यामुळे ज्याला टीम टीचिंग म्हणतात, म्हणजे मुलं वाटून घेऊन मिळून शिकवणं, ते आम्ही नाइलाजाने करून राहिलो. पोरं फिरवायची चैन आमच्याकडे नाही, खोल्याच दोन आहेत.

आमचं असं चालतं. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी दुसऱ्या सरांकडे. पण रोज परिपाठानंतरचा पहिला तास वाचनाचा, आणि तेव्हा चारही वर्ग मोडतात. इयत्ता बघत नाही, मूल कुठे आहे ते बघतो. अक्षरं ओळखणारे एकीकडे, शब्द वाचणारे दुसरीकडे, गोष्ट वाचणारे व्हरांड्यात आपापले. तिसरीतलं पोरगं अक्षरांच्या गटात बसलं तर सुरुवातीला लाजतं. म्हणून गटांना फळांची नावं आहेत, पहिला-दुसरा म्हणत नाही. तास संपला की जो तो आपल्या वर्गात, आपल्या सरांकडे.

तुमच्याकडे तिघी आहात. तिघींनी मिळून एकच तास असा मोडा. बाकी दिवस तुकडी जिची तिची. फिरायची हौसही भागते आणि घरही सुटत नाही.

आणखी एक. मार्चमध्ये शाळा सकाळची झाली की तास छोटे होतात. तेव्हा हे 4 बदल्यांचं वेळापत्रक कसं बसवणार ते व्यवस्थापनाला आत्ताच विचारा. आपल्याकडचं ऊन पुण्या-मुंबईच्या वेळापत्रकात बसत नाही.

वाचनवेडी:

@गणितप्रेमी, तुमच्यासारखंच मलाही वाटायचं, पण याची तपासणी झालीये. अमेरिकेत ह्यूस्टनच्या 50 प्राथमिक शाळांवर प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा काही शाळा निवडल्या आणि तिथे ज्या शिक्षकाला जो विषय चांगला येतो तोच त्याला दिला. तुमचाच तर्क. निकाल 2018 मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू या संशोधनपत्रिकेत छापून आला: गणित आणि वाचन, दोन्हींत मुलं थोडी मागे पडली, आणि विशेष शिक्षणाची गरज असलेल्या मुलांचं नुकसान जास्त झालं. एकेका मुलाकडे लक्ष देणं कमी झाल्याचं शिक्षकांच्या उत्तरांतूनही दिसलं. विषय चांगला येणं एक आणि ते मूल माहीत असणं दुसरं.

त्याच वर्षी अमेरिकेतल्याच नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शाळांच्या नोंदींवरचा एक अभ्यास आला. मुलांना दुसऱ्या वर्षीही तोच शिक्षक मिळाला तर थोडा, पण मोजता येण्याजोगा फायदा होतो, असं त्यात आहे. म्हणजे पहिलीच्या बाईंनीच तुकडी घेऊन दुसरीत जावं, हेही सुचवून बघा. अर्थात तिथल्या आणि आपल्या वर्गांत फरक आहे, आकडे जसेच्या तसे उचलू नका.

गणितप्रेमी:

@वाचनवेडी, बरं. पण मग गणिताच्या बाईंचं कौशल्य एकाच तुकडीला का मिळावं?

निवृत्त_मुख्याध्यापिका:

त्याचं उत्तर वर्गात नाही, टाचणात (पाठाच्या लेखी तयारीत) आहे. गणिताच्या बाईंनी आठवड्याचं गणिताचं टाचण आणि साहित्य तिन्ही तुकड्यांसाठी करायचं, मराठीचं प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी, इंग्रजीचं तिसरीने. शिकवायचं मात्र आपापल्या तुकडीला. शनिवारी तिघी एकत्र बसून काय जमलं, काय फसलं ते बोला. तीन टाचणांऐवजी प्रत्येकीला एकच करावं लागतं आणि प्रत्येकीला दुसरीची हातोटी शिकायला मिळते. याशिवाय आठवड्यातून एकदा दोन तुकड्या एकत्र घ्या. एक बाई शिकवेल, दुसरी मागे बसून फक्त बघेल: कोण फळ्यावरचं उतरवतो, कोण शेजाऱ्याचं. एकटीने शिकवताना हे कधीच दिसत नाही. पण बघणारीच्या हातात वही-पेन हवं, नाहीतर ती जाऊन शिक्षकखोलीत बसते. मी पाहिलंय.

व्यवस्थापनाशी बोलताना केंद्राचा 2022 चा पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा घेऊन जा. 3 ते 8 वर्षं, म्हणजे दुसरीपर्यंत, हा एकच टप्पा धरलाय. त्यातली ध्येयं विषयांच्या चौकटीत मांडलेली नाहीत. शरीर, भावना, बुद्धी, भाषा, कला अशा विकासाच्या अंगांनी मांडली आहेत. आणि 40 मुलांचं म्हणाल, तर कायद्यात पहिली ते पाचवीचा पट 200 च्या वर असेल तर एका शिक्षकामागे 40 हून जास्त मुलं चालत नाहीत, लहान शाळांत 30 च्या आसपास. हा मुद्दा पहिल्याच बैठकीत काढू नका, बिथरतील. पण फाईलमध्ये असू द्या.

सजवलेल्या खोल्यांची हौस असेल तर एक रिकामी खोली गणितासाठी सजवा आणि प्रत्येक तुकडीला आठवड्यातून दोनदा न्या. स्वतःच्या बाईंबरोबर. ती पालकांनाही दाखवता येते.

पहिलीच्या_बाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दोघी सहकारी बाईंशी बोलले. टाचण वाटून घ्यायला दोघीही तयार आहेत, शनिवार बसायला एक जरा कुरकुरली. ठरलं ते असं: मराठी-गणित आपापल्या तुकडीला, इंग्रजीला मात्र तिसऱ्या बाई स्वतः तिन्ही वर्गांत फिरतील, मुलं जागेवर. त्या माझ्या वर्गात असतील तेव्हा मी त्यांच्या तुकडीवर चित्रकला घेईन. जोडवर्ग सरांचा वाचनाचा तास जुलैत नाही, राखीनंतर सुरू करू. तोवर मुलं रुळतील. सोमवारी मुख्याध्यापिकांकडे जातेय.

एकच शंका राहिली. एखादी बाई बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामाला किंवा प्रशिक्षणाला गेली की वाचनाच्या गटांचं काय?

जोडवर्ग:

दोनच गट करा मॅडम. गोष्ट वाचणाऱ्यांना अक्षरवाल्यांच्या शेजारी बसवा, जोडीजोडीने. आमच्याकडे हे महिन्यातून दोन-तीनदा होतंच. आणि वाचता येणारं पोरगं त्या दिवशी मास्तर होऊन जातं, ते दुसऱ्याला स्वतःची चूक सुधारू देत नाही, तेवढं लक्ष ठेवा.