सांगलीच्या खाजगी कॉलेजातून स्पेस टेक्नॉलॉजीच्या संशोधनाला सरकारी ग्रँट मिळते का? अर्ज कुठं करायचा?

कृष्णाकाठची_मेकॅनिकल

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला असिस्टंट प्रोफेसर आहे, कायम जागेवर, पीएचडी हीट ट्रान्सफरमध्ये. बरेच दिवस एक विषय डोक्यात आहे, तो म्हणजे छोट्या उपग्रहाच्या बॅटरीचं तापमान कसं सांभाळायचं. ५०० किमी उंचीवरचा उपग्रह साधारण ९५ मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारतो आणि त्यातली पस्तीसेक मिनिटं सावलीत जातात, म्हणजे दिवसाला पंधराएक वेळा तापायचं आणि गारठायचं. मोठ्या उपग्रहात हीटर, हीट पाइप सगळं बसतं, पण दहा सेंटीमीटरच्या क्यूबसॅटमध्ये जागाही नाही आणि वीजही नाही. त्यात लिथियम आयन बॅटरी शून्य अंशाच्या खाली चार्ज केली की आतून कायमची खराब होत जाते.

माझा विचार असा आहे की बॅटरीला लागून मेणाचा एक पातळ डबा ठेवायचा. ऑक्टाडेकेन नावाचं पॅराफिन २८ अंशाला वितळतं, वितळताना किलोमागे २४० किलोज्यूलच्या आसपास उष्णता घेतं आणि सावलीत गोठताना तीच परत देतं, वीज लागत नाही, हलणारा भाग नाही. अडचण एवढीच की मेणातून उष्णता लवकर पसरत नाही, म्हणून आत ॲल्युमिनियमच्या बारीक फिन्स, म्हणजे उष्णता पसरवणाऱ्या पातळ पट्ट्या, घालायच्यात, आणि त्या वायरकटवर कापून देणारे कुपवाड एमआयडीसीत आहेत. मेण उपग्रहात वापरणं नवीन नाही हे मला माहितेय, पण इतक्या लहान डब्यात फिन्स किती आणि किती अंतरावर ठेवल्या तर वजन वाढायच्या आत फायदा मिळतो हे मला नीट मोजायचंय.

कॉलेजात सांगितलं तर म्हणतात स्पेसचं काम आयआयटीवाल्यांचं, आपल्याला कोण पैसे देणार. मुलं म्हणतात मॅडम आपण अख्खा उपग्रहच करू. लॅबमध्ये थर्मोकपल (तापमान मोजायच्या तारा), डेटा लॉगर, ओव्हन आहे, व्हॅक्यूम चेंबर नाही. नेमकी कुठली योजना बघू, आणि प्रपोजल केवढं लिहू? कुणी केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

पुणे_मुक्कामी_मिरजकर

मॅडम, विषय फार चांगला आहे, सोडू नका. मी पुण्यात इस्रोच्या पैशावर चालणाऱ्या एका प्रोजेक्टवर रिसर्च फेलो होतो त्यामुळे थोडं लिहितो.

तुमच्यासाठी पहिला दरवाजा म्हणजे इस्रोचा रिस्पॉन्ड प्रोग्रॅम. तो आयआयटीपुरता अजिबात नाहीये, मान्यताप्राप्त विद्यापीठ किंवा कॉलेजचे पूर्णवेळ प्राध्यापक अर्ज करू शकतात. आयआयटी, आयआयएससी आणि आपलं पुणे विद्यापीठ इथं स्पेस टेक्नॉलॉजी सेल आहेत, ते वेगळं खातं, त्यामुळे लोकांचा गैरसमज होतो. रिस्पॉन्डमध्ये इस्रो 'रिस्पॉन्ड बास्केट' नावानं प्रश्नांची यादीच काढते, कुठल्या केंद्राला काय सोडवून हवंय ते त्यात लिहिलेलं असतं. उपग्रहाच्या थर्मलचं काम मुख्यतः बेंगळुरूच्या यू आर राव सॅटेलाइट सेंटरकडे असतं, तेव्हा त्यांचे प्रश्न आधी वाचा आणि तुमची कल्पना त्यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मांडा. आपली कल्पना आधी आणि त्यांची गरज नंतर असं लिहिलेलं प्रपोजल कितीही हुशारीचं असलं तरी मागं पडतं, हे मी जवळून बघितलंय.

दुसरं म्हणजे टीआरएल, म्हणजे तंत्रज्ञान वापरासाठी किती तयार आहे त्याचं माप. १ ते ९ अशी पायरी असते, १ म्हणजे नुसतं मूलतत्त्व आणि ९ म्हणजे अवकाशात प्रत्यक्ष चालून दाखवलेलं. तुम्ही २ किंवा ३ वर आहात. आता पेपरात केंद्र सरकारच्या १ लाख कोटींच्या आरडीआय (संशोधन, विकास आणि नवोन्मेष) फंडाची बातमी वाचून सगळे मला लिंक पाठवतात, पण तो फंड खाजगी क्षेत्रासाठी आहे आणि टीआरएल ४ आणि त्यापुढच्या कामाला, तुमच्या कामाचा नाही. इन-स्पेस, म्हणजे खाजगी अवकाश उद्योगाला परवानगी आणि मदत देणारी सरकारी संस्था, तिची सीड फंड योजना पण स्टार्टअपसाठी. सुरुवातीच्या टप्प्यावरच्या प्राध्यापकाला खरा आधार म्हणजे रिस्पॉन्ड आणि एएनआरएफ, म्हणजे संशोधनाला पैसे देणारी केंद्र सरकारची संस्था, पूर्वीचं एसईआरबी. एएनआरएफची पंतप्रधान अर्ली करिअर ग्रँट ३ वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत आहे, वय ४२ च्या आत, पण ती नव्यानं कायम जागेवर रुजू झालेल्यांसाठी, तेव्हा तुमची रुजू तारीख बघून घ्या.

अमेरिकेत नासा 'अर्ली स्टेज इनोव्हेशन्स' म्हणून अशीच ग्रँट देते, ती फक्त तिथल्या विद्यापीठांना, पण त्यातही विषय नासाच ठरवून देते. म्हणजे पद्धत सगळीकडं तीच.

उपग्रहाचं मात्र आत्ता काढू नका. पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांचा स्वयम उपग्रह २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही सी-३४ रॉकेटवरून गेला, वजन जेमतेम १ किलो, आणि त्यामागं मुलांच्या कितीतरी बॅच खपल्यात. तुमचा प्रश्न एका डब्याचा आहे, तेवढाच विचारा.

थर्मल_वाला

मिरजकरांशी सहमत. मी टेक्निकल बाजू सांगतो कारण रिव्ह्यू करणारे तिथंच पकडतात.

मेण वितळलं की दहा-बारा टक्के फुगतं. म्हणजे डबा पूर्ण भरता येत नाही, आत मोकळी जागा ठेवावी लागते. जमिनीवर ती जागा कायम वर राहते, अवकाशात ती कुठंही जाऊन बसेल, आणि नेमकी बॅटरीच्या बाजूच्या भिंतीला बसली तर उष्णतेची वाटच तुटली. तसंच जमिनीवर वितळलेलं मेण गुरुत्वाकर्षणामुळं आतल्या आत फिरतं आणि उष्णता पसरवायला मदत करतं, ती मदत वर मिळणार नाही. म्हणून तुमच्या टेबलावर आलेला चांगला रिझल्ट फसवा असू शकतो.

यावर लॅबमध्येच करता येण्यासारखी टेस्ट आहे. तोच डबा उभा, आडवा आणि उलटा ठेवून तीनदा तापवा. तिन्ही आलेख एकमेकांवर बसले तर समजायचं की फिन्स इतक्या जवळ आहेत की गुरुत्वाकर्षणाचा फारसा हात नाही. नाही बसले तर फिन्समधलं अंतर कमी करत जा. मॅडम, हेच तुमच्या प्रपोजलचं हृदय करा, 'वजन आणि फिन्समधलं अंतर यांचा असा मेळ, ज्यात डब्याची दिशा बदलली तरी तापमान बदलत नाही'. खर्च कमी, उत्तर मोजता येतं, आणि इस्रोच्या माणसाला लगेच कळतं की यांना अवकाशाची जाण आहे. आणि हे सगळं तुमच्याकडच्या थर्मोकपलवर सुरू होतं, प्राथमिक आलेख जोडूनच प्रपोजल पाठवा.

गळतीचं पण लिहा. निर्वातात गळलेलं मेण कॅमेऱ्याच्या लेन्सवर किंवा सोलर सेलवर जाऊन बसलं तर अख्खं मिशन अडचणीत. सील, चिकटवायचा गोंद, सगळ्याला आउटगॅसिंगची, म्हणजे निर्वातात वायू सोडण्याची, मर्यादा असते, एएसटीएम ई ५९५ च्या चाचणीत एकूण वजनातली घट १ टक्क्याच्या आत आणि साचणारा भाग ०.१ टक्क्याच्या आत धरतात. झाकण वेल्ड केलेलं बरं, ओ-रिंगच्या भरवशावर राहू नका.

सातारकर_काका

पोरी, मी टेक्निकल माणूस नाही. साताऱ्यात एका कॉलेजच्या अकाउंट सेक्शनला नोकरी झाली, आता रिटायर आहे. ग्रँट मिळेपर्यंत सगळे धावतात आणि मिळाल्यावर कागदावर अडकतात म्हणून लिहितो.

कॉलेज ट्रस्टचं असेल तर एनजीओ दर्पणचा (संस्थांच्या सरकारी नोंदणीचा) नंबर आणि पीएफएमएसची (सरकारी पैसे वाटायच्या ऑनलाइन यंत्रणेची) नोंदणी आत्ताच करून ठेवायला सांग, मंजुरीचं पत्र आल्यावर धावपळ करू नको. खर्च ज्या हेडला मंजूर त्याच हेडला. उपकरणाचे पैसे परस्पर प्रवासाला वळवायचे नाहीत, लागलंच तर आधी लेखी परवानगी. ग्रँटवर बँकेत जे व्याज जमतं ते आपलं नसतं, ते सरकारला परत जातं. दरवर्षी जीएफआर १२-ए नमुन्यातलं युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे मंजूर कामालाच खर्च झाल्याचा दाखला) वेळेत गेलं नाही की पुढचा हप्ता थांबतो, मग फेलोचा पगार थांबतो आणि ते पोरगं सोडून जातं. आमच्याकडं एका प्रोजेक्टचं अगदी असंच झालेलं, काम चांगलं होतं, फाइल टेबलावर पडून राहिली. तेव्हा प्राचार्यांकडून अकाउंटचा एक माणूस या कामाला नाव घालून मागून घे.

मिरज_कृपा

काकांच्या फेलोच्या मुद्द्यात भर. जेआरएफला, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोला, सध्या महिना ३७ हजार आणि वर घरभाडं, पण नेट किंवा गेट झालेलं पोरगं सांगलीत टिकत नाही, पुणे-बेंगळुरूला जातं. वालचंद, आरआयटी, कराडचं गव्हर्नमेंट कॉलेज इथून एमटेक झालेल्या, घर इकडंच असलेल्या मुली बघा, आमच्या ओळखीत गेट झालेल्या दोघी घरी बसून आहेत कारण लांब पाठवायला घरचे तयार नाहीत. त्यांना इथंच असं काम मिळालं तर किती चांगलं होईल.

कृष्णाकाठची_मेकॅनिकल

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः उभा-आडवा-उलटा टेस्ट, ती मी याच सेमिस्टरला लावतेय, बीटेकच्या प्रोजेक्ट ग्रुपला घेऊन. काका, दर्पणचं उद्याच विचारते. एकच राहिलं, व्हॅक्यूम चेंबर ग्रँटमध्ये मागू का? आणि मुलांना काय सांगू, फार हिरमुसतील.

पुणे_मुक्कामी_मिरजकर

पूर्ण थर्मोव्हॅक चेंबर (निर्वातात तापवून-गारठवून बघायचा) मागितला तर बजेटचा मोठा हिस्सा तोच खाईल आणि पुढं तो चालवायला माणूस लागेल. साधा बेल जार (हवा काढता येणारी काचेची घंटा) आणि पंप मागा, हवेमुळं किती उष्णता जाते एवढा अंदाज त्यात येतो. खऱ्या चाचणीसाठी अहमदाबादला बोपळमध्ये इन-स्पेसचं टेक्निकल सेंटर आहे, तिथं थर्मल-व्हॅक्यूम आणि व्हायब्रेशन दोन्ही होतं, त्याचं शुल्क आणि प्रवास बजेटमध्ये वेगळे दाखवा.

मुलांना पोएम दाखवा. पीएसएलव्हीचा शेवटचा टप्पा काम संपल्यावर कक्षेतच राहतो आणि त्यावर प्रयोग बसवतात. ३० डिसेंबर २०२४ च्या सी-६० मोहिमेत असे २४ प्रयोग होते, त्यात पुण्याच्या एमआयटी डब्ल्यूपीयूचा एक होता. अख्खा उपग्रह नको, वीज आणि जागा तिथं मिळते. तुमचा डबा जमिनीवर पास झाला की पुढचा अर्ज त्याचा करायचा, आणि वर गेल्यावर ती मोकळी जागा नेमकी कुठं बसते हे तापमानावरून ओळखायचं काम आत्ताच मुलांना द्या, सिम्युलेशन सुरू करू देत. बास्केटमधला प्रश्न निवडलात की इथंच टाका, मी वाचून देतो.